तीन चौसष्ट की तीन चौऱ्याहत्तर: मावशी, मी आणि पेरूतली डॉलर-मोड

आधी मावशीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी मावशी ६७ वर्षांची, सांगलीत एका सहकारी बँकेत १९८० ते २०१५ कॅशियर होती, आणि नोटाबंदीच्या आधी रिटायर झाले हे माझं भाग्य असं ती अजून दर दिवाळीला म्हणते. मी पुण्यात, आयटीत, सहा महिने शनिवार-रविवार स्पॅनिशचा क्लास केलेली. मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे जायला दोघींनी अमेरिकेचा व्हिसा काढला होता, आणि तो असला की भारतीय पासपोर्टवर पेरूला वेगळा व्हिसा लागत नाही हे कळल्यावर मी मावशीला म्हणलं चल. ती म्हणाली बरं. सप्टेंबर २०२४.

पैशांचं असं केलं की एक फॉरेक्स कार्ड आणि बाकी रोख डॉलर. आपले रुपये तिकडे कुणी घेत नाही, कुठल्याच खिडकीवर बोर्डावर नाव पण नसतं. रोख डॉलर मावशीकडे, कारण पैसे मावशीकडेच असतात, यावर चर्चा नाही. तिने परकरच्या आतल्या बाजूला कापडी बटवा शिवून घेतलेला, आणि माझ्याकडे क्लासमधलं घोटून पाठ केलेलं वाक्य: किसियेरा कांबियार दोलारेस, पोर फावोर. मला डॉलर बदलून हवे आहेत. विमानात मी ते चाळीस वेळा तरी पुटपुटले असेन, शेवटी मावशी म्हणाली रामरक्षा म्हण त्यापेक्षा.

दिवस १, लिमा एअरपोर्ट

एअरपोर्टवर रेट वाईट असतो हे जगात कुठेही खरंच, पण टॅक्सीपुरते तरी हवेत म्हणून १०० डॉलर मोडायचे ठरवले. खिडकीपलीकडे एक मुलगी. मी वाक्य म्हणलं. तिला कळलं! मला इतका आनंद झाला की पुढे ती काय बोलली ते ऐकलंच नाही. पासापोर्ते कळलं, दिला. फिर्मे आकी म्हणजे इथे सही करा, ते पण तिने बोट ठेवलं म्हणून कळलं. मग तिने विचारलं, कोमो लो किएरे? मला त्यातलं फक्त कोमो ऐकू आलं आणि कोमो एस्ता म्हणजे कशा आहात हे पहिल्या धड्यात असतं, तर मी छान हसून म्हणलं मुय बियेन, ग्रासियास. मी मजेत, धन्यवाद.

तिने विचारलं होतं, कशा स्वरूपात देऊ, मोठ्या नोटा की सुट्टे.

३.४५ च्या भावाने ३४५ सोल (पेरूचं चलन) आले: शंभराच्या तीन, विसाच्या दोन आणि पाचाचं एक नाणं. मावशीने तिथेच खिडकीसमोर उभं राहून मोजले, मागे लाईन लागलेली, तिला फरक पडत नाही. ३५ वर्षं ती काचेच्या त्या बाजूला होती, आता या बाजूला आली तर मोजणार नाही का. मग टॅक्सीवाल्याकडे शंभराची नोट पुढे केली तर त्याने मान हलवली, नो तेंगो सेन्सियो. सेन्सियो म्हणजे सुट्टे, पेरूत शिकायला हवा असलेला पहिला शब्द हाच आहे, ओला आणि ग्रासियास नंतर शिकलात तरी चालेल. क्लासमध्ये सेन्सियोचा अर्थ साधं, सोपं असा शिकवला होता. साध्या सोप्या माणसाकडे सुट्टे नसतात एवढं त्या रात्री कळलं. शेवटी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या पोराने मोड दिली.

दिवस २, लिमा

आता मुख्य किस्सा. लिमात, आणि एकूण पेरूतच, रस्त्यावर उभे राहून डॉलर बदलणारे लोक असतात, कांबिस्ता म्हणतात. अंगात रंगीत जाकीट, कधी त्यावर डॉलरचं चिन्ह, हातात नोटांचा गठ्ठा आणि कॅल्क्युलेटर. परवानगी असलेले पालिकेचं ओळखपत्र लावतात. मिराफ्लोरेसमध्ये लार्को अव्हेन्यूवर आहेतच, पण जुन्या शहरात प्लासा सान मार्तिनजवळ खिरोन ओकोन्या नावाची एक गल्लीच यांची आहे. तिकडे जायचा हट्ट माझा, मावशी म्हणत होती रस्त्यावर कसले गं पैसे बदलायचे.

तिला मी सांगितलं की याला इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथे महागाई एवढी भडकली की सकाळी मिळालेले पैसे संध्याकाळपर्यंत पाणी व्हायचे, तेव्हा हातात चलन आलं की लोक पळत जाऊन डॉलर घ्यायचे. १९८५ ला जुना सोल काढून इंती नावाचं चलन आणलं, आणि सहा वर्षांत त्याचीही अशी वाट लागली की १९९१ ला नवा सोल आणला तो दहा लाख इंतीला एक या भावाने. सहा शून्यं उडवली. इंती म्हणजे केचुआ भाषेत सूर्य आणि सोल म्हणजे स्पॅनिशमध्ये सूर्य, म्हणजे सूर्य बुडाला की दुसरा सूर्य. डॉलर जवळ ठेवायची सवय त्या काळातली, अजून हॉटेलची बिलं, घरभाडी डॉलरमध्ये सांगतात. मावशीने हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, दहा लाखाला एक, मग त्या कॅशियर लोकांनी मोजलं कसं असेल गं?

तर ओकोन्या. सकाळी मी फोनवर बघून ठेवलं होतं, डॉलर साधारण ३.७५ ला आहे. एका पांढऱ्या मिशीवाल्या आजोबांसमोर गेलो, मी विचारलं, आ कोमो एस्ता एल दोलार? कितीला चाललाय डॉलर? ते म्हणाले, त्रेस सेतेंता इ कुआत्रो. बसचा हॉर्न, बाजूला कुणीतरी लॉटरी विकतंय, मला ऐकू आलं त्रेस सेसेंता इ कुआत्रो. आता हे बघा, सेसेंता म्हणजे साठ, सेतेंता म्हणजे सत्तर. एका अक्षराचा फरक. म्हणजे मला वाटलं हा माणूस ३.६४ देतोय, आपल्याला येडं समजतोय. मी पण पुणेकर, असं कसं. मान हलवून ठणकावून म्हणलं, नो नो सेन्योर, त्रेस सेतेंता! तीन सत्तर!

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग मावशीकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. त्रेस सेतेंता? मी म्हणलं सी. ते खांदे उडवून म्हणाले, या पुएस. म्हणजे आपलं बरं मग, तुम्ही म्हणताय तर.

कॅल्क्युलेटरवर परत आकडे मारले, ३०० डॉलरचे १,११० सोल. मी विजयी. मावशीने मोजले, बरोबर. मी मग शिकून ठेवलेलं अजून एक वाक्य वापरलं, मे लो प्वेदे सेयार, म्हणजे नोटेवर शिक्का मारून देता का. पेरूत कांबिस्ता मागितलं तर नोटेवर आपला छोटा शिक्का मारून देतो, नोट खोटी निघाली तर परत त्याच्याकडे जाता येतं. मावशीला हे फार आवडलं, म्हणाली म्हणजे धंदा सचोटीचा दिसतोय, आणि आजोबांना हात जोडून नमस्कार केला, त्यांनी पण केला.

नंतर चौकात एका पायरीवर बसलो. समोर एका दुकानाच्या काचेवर बोर्ड: कोम्प्रा ३.७४, बेंता ३.७८. मी बघतच राहिले. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडायला लागला. सत्तर आणि चार. माणूस ३.७४ देत होता आणि मी भांडून ३.७० घेतला होता. मावशीला सांगितलं तर ती शांतपणे म्हणते, "हो की, आधी त्यानं मशीनवर ११२२ दाखवलं होतं. तू नको म्हणालीस. मला वाटलं तुला भाषा येतीय, तुला काहीतरी ठाऊक असंल."

बारा सोल. आपले २७० रुपये. मावशीने लगेच हिशोब केला, एवढ्यात सांगलीत दोघींची मिसळ आणि वर ताक झालं असतं. आणि वर म्हणाली, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात घोळ घालणारी गिऱ्हाइकं मी आयुष्यभर बघितली, पण उलट्या बाजूने घासाघीस करणारं पहिल्यांदाच.

हे कोम्प्रा-बेंता पण नीट समजून घ्या बरं, कारण मी क्लासमध्ये कोम्प्रा म्हणजे खरेदी असं शिकले आणि वाटलं आपण सोल खरेदी करतोय म्हणजे कोम्प्रा आपलं. उत्तर बरोबर पण कारण चूक. बोर्ड त्यांच्या बाजूने लिहिलेला असतो. ते डॉलर विकत घेतात तो कोम्प्रा, ते विकतात तो बेंता. तुमच्या हातात डॉलर असेल तर दोन्हीतला कमी आकडा तुमचा, वाईट वाटून घेऊ नका.

दिवस ३, कुस्को

विमानाने कुस्को. ३,४०० मीटर उंची. डोकं दुखलं, कोकाच्या पानांचा चहा प्यायलो, झोपलो. मावशीला काहीही झालं नाही, ती खिडकीत बसून खालची वर्दळ बघत होती.

दिवस ४, कुस्को

कुस्कोची अव्हेनिदा एल सोल म्हणजे पैसे बदलायच्या दुकानांची रांग, कासा दे कांबियो. इथे एक जुनी इन्कांची ठिकाणं आणि म्युझियम एकत्र बघायचं तिकीट मिळतं, बोलेतो तुरिस्तिको, परदेशी माणसाला १३० सोल, ते आम्हाला रोखच द्यावं लागलं. मी काऊंटरवर विचारून बघितलं, प्वेदो पागार एन दोलारेस? डॉलरमध्ये पैसे देऊ का? बाजूने मावशी, "पगार? कुणाचा पगार?" मग मला तिथे उभ्या उभ्या सांगावं लागलं की पगार हा आपला शब्दच पोर्तुगीजांकडून आलाय, पागार म्हणजे पैसे देणं, गोवा-वसईच्या वाटेने आपल्याकडे आला आणि महिन्याच्या पैशाचं नाव झाला. स्पॅनिशमध्ये पण पागारच. मावशी म्हणाली मग एवढे सहा महिने क्लास कशाला केला. तिकीटवाली म्हणाली, सोलो सोलेस. फक्त सोल. (हे तिच्या तोंडून ऐकायला फार गोड वाटतं.)

तर मग डॉलर मोडायला निघालो. मावशीने बटव्यातून शंभराची एक नोट काढून दिली. पहिल्या दुकानातल्या मुलीने ती उजेडात धरली, बोटाने चाचपली, तिरकी केली, आणि परत सरकवली. तिएने उन वेकितो. मला कळेना. वेकितो? तिने नखाने दाखवलं. नोटेला कडेजवळ दोन बारीक भोकं होती आणि एका भोकातून कडेपर्यंत अर्ध्या सेंटिमीटरची चीर. वेको म्हणजे भोक, वेकितो म्हणजे भोकुलं. पेरूत नकार देताना पण शब्दाला शेपूट लावून लाडाने देतात.

दुसरं दुकान. एस्ता रोतितो. फाटुकली आहे. तिसरं, नो पासा. चालत नाही. चौथ्याने घेईन म्हणलं पण ३.५० ने. पाचवीने तर नोट हातात पण घेतली नाही, लांबूनच बघून च्च केलं.

आणि यांचंही बरोबर आहे. पेरूतच खोटे डॉलर मोठ्या प्रमाणावर छापले जायचे, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या पोलिसांनी आणि अमेरिकन सिक्रेट सर्व्हिसने मिळून ३ कोटी डॉलरच्या खोट्या नोटा पकडल्या होत्या. म्हणून इथला माणूस डॉलरकडे सोनार जसा दागिन्याकडे बघतो तसा बघतो. फाटलेली, पेनाने काही लिहिलेली, डाग पडलेली नोट नकोच. आणि सोल कसे तपासायचे यासाठी त्यांच्या मध्यवर्ती बँकेचं एक घोषवाक्य आहे, तोके, मिरे इ हिरे, म्हणजे हात लावा, बघा आणि फिरवा. मावशीला ते ऐकल्याबरोबर पाठ झालं कारण मिरे आणि हिरे. आता घरी मसाल्याचा डबा उघडला की म्हणते.

पण प्रश्न हा की भोकं आली कुठून. मी मावशीकडे बघितलं. मावशी रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे बघत होती. इन्कांचे दगड कसे बसवलेत बघ, सुई जात नाही म्हणतात, असं म्हणाली.

"मावशी."

"काय?"

"सुई नाही, पिन. तू नोटांना सेफ्टी पिन लावलीस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, बटव्याचं बटण तुटलं होतं गं विमानात. जिने ३५ वर्षं नोटांना टाचणी लावून आणणाऱ्या लोकांना काऊंटरवर सुनावलं, स्टेपलर मारलेलं बंडल परत फेकलं, रिझर्व्ह बँकेने स्टेपल बंद करायला सांगितलं तेव्हा पेढे वाटायचे बाकी ठेवले, तिने पिन लावली होती. माझा ओकोन्याचा हिशोब तिथे चुकता झाला, मी काही बोलले नाही, पण चेहरा बोलला असणार कारण ती म्हणाली, दात काढू नकोस. मग थोड्या वेळाने स्वतःशीच, आमच्याकडे फाटकी नोट आणली तर किती तुकडा शिल्लक आहे ते मोजून पैसे द्यायचो आम्ही, असं तोंडावर नाही म्हणायचो नाही.

दुसरी चांगली नोट दिली, ३.७३ मिळाला. यावेळी मुलीने कोमो लो किएरे विचारल्यावर मी तयार होते. एन बियेतेस चिकोस, पोर फावोर, इ अल्गो दे सेन्सियो. लहान नोटांमध्ये, आणि थोडे सुट्टे. तिने दहाच्या नोटांची चळत दिली. नव्या दहाच्या नोटेवर चाबुका ग्रांदा आहे, पेरूची फार लाडकी गायिका. आपल्याकडे नोटेवर लताबाई असत्या तर, असं मावशी म्हणाली आणि पुढचा चौक येईपर्यंत गुणगुणत होती.

दिवस ५, ओयान्तायताम्बो आणि आग्वास कालिएन्तेस

रेल्वे, नदी, डोंगर, सगळं अप्रतिम, फोटो बघा. पैशांपुरतं सांगायचं तर इथे सगळं महाग आणि सुट्ट्यांची प्रचंड टंचाई. टॉयलेटला २ सोल आणि बाईंना ५० ची नोट दिली की त्या तुमच्याकडे असं बघतात की आल्या पावली परत जावंसं वाटतं. तोपर्यंत मावशीने नाण्यांचा स्वतंत्र बटवा सुरू केला होता. तिचा नियम, जिथे मोठं दुकान तिथे मोठी नोट द्यायची आणि बुएल्तो, म्हणजे परत येणारे पैसे, त्यातलं एकही नाणं खर्च करायचं नाही. दहाच्या नोटा मी ठेवायच्या, नाणी तिने. पन्नास सेंतिमोच्या, म्हणजे अर्ध्या सोलच्या, नाण्याला इथे बोलताना चिना म्हणतात आणि एका सोलला लुका. उना लुका म्हणलं की भाजीवाली पण जरा हसते, बरं वाटतं.

अजून एक, लोकल माणसं सगळी यापे नावाच्या ॲपने पैसे देतात, क्यूआर कोड फळवाल्याकडे, शेंगदाणेवालीकडे, सगळीकडे. अगदी आपल्या यूपीआयसारखं. पण आम्हाला वापरता आलं नाही. मावशी सांगलीत भाजी फोनवरून घेते, इथे बिचारी बटवा सोडत बांधत बसलेली.

दिवस ६, माचू पिच्चू

गेलो. बघितलं. वर पैशांची काहीच गरज पडली नाही, सगळी तिकिटं आधी काढलेली. ढग खाली होते आणि आम्ही वर. मावशी एका पायरीवर बसून राहिली, मी चार वेळा चल म्हणलं, आली नाही. याच्यावर वेगळं लिहीन.

दिवस ७, बस, कुस्को ते पुनो

दिवसभराची बस. मी पुस्तकात वाचत होते की इथे बोलण्यात पैशाला प्लाता म्हणतात. नो तेंगो प्लाता, पैसे नाहीत. प्लाता म्हणजे खरं तर चांदी. मावशी म्हणाली, मग आपलंही तेच की, रुपया. सोनं-रुपं म्हणतो ना आपण, रुपं म्हणजे चांदी. मला हे कधी सुचलंच नव्हतं, मी रुपया शब्द आयुष्यभर वापरला.

आणि त्यात गंमत पुढे आहे. आपण जातोय त्या बोलिव्हियात पोतोसी म्हणून गाव आहे, तिथल्या डोंगरात १५४५ ला स्पॅनिश लोकांना चांदी सापडली, इतकी की त्यावर साम्राज्य चाललं. खाणीत राबले इथले मूळचे लोक, आणि किती मेले याचा हिशोब नाही. त्या चांदीची नाणी युरोपमार्गे फिरत फिरत आपल्याकडे सुरतेला पोचायची आणि टांकसाळीत वितळवून तिचे मुघल रुपये पाडायचे. मावशीने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्यात इथली चांदी असेल? मी म्हणलं असेलही. तिने त्या ओसाड पठाराकडे जरा आदराने बघितल्यासारखं वाटलं मला. मग बसमध्ये पिक्चर लावला आणि ती झोपली.

दिवस ८, पुनो

तितिकाका सरोवर, ३,८०० मीटरच्या वर, लव्हाळ्यांची तरंगती बेटं, सकाळी तिकडे जाऊन आलो. टूर वगैरे ठीक.

संध्याकाळी खिरोन लिमावर, ही इथली पायी फिरायची बाजाराची गल्ली, मावशीने लोकरीची टोपी घेतली आणि सुट्टे परत आले त्यात एक नाणं पाच सोलचं म्हणून आलं. पाच सोलचं नाणं मधे एका रंगाचं, कडेला दुसऱ्या. रात्री नाणी लावताना मावशीला ते हाताला वेगळं लागलं. हाताला! डोळ्याला नाही. दिव्याखाली बघितलं तर पाच बोलिव्हियानो, शेजारच्या बोलिव्हियाचं चलन. हे पण दोन रंगांचं. बॉर्डर जवळ असल्यामुळे हे होत असणार, मुद्दाम की चुकून देव जाणे, पण किंमत जवळपास निम्मी. मी म्हणलं सोडून दे, उद्या आपण बोलिव्हियातच जातोय. मावशी म्हणाली तो मुद्दा नाही, कॅश जुळली नाही. रात्री उशिरापर्यंत बसून तिने आठ दिवसांचा हिशोब वहीत लिहून काढला, आणि त्यात ओकोन्याचे बारा सोल "भाषेपायी" असे वेगळे दाखवलेत.

दिवस ९, कासानी बॉर्डर आणि कोपाकाबाना

पुनोहून बसने साधारण तीन तासांत कासानी. पेरूच्या ऑफिसात शिक्का, मग एका कमानीखालून चालत बोलिव्हिया, तिथे परत शिक्का. घड्याळ एक तास पुढे. व्हिसा आधीच करून घेतला होता म्हणून पटकन सुटलो. कमानीच्या आधी बायका छोटी टेबलं टाकून बसलेल्या, पुढे नोटांच्या गड्ड्या, वर दगड ठेवलेला वाऱ्याने उडू नयेत म्हणून. अगदी आठवडी बाजारात कोथिंबीर घेऊन बसल्यासारख्या.

इथे मला एक शब्द फार आवडला, कासेरा. नेहमीच्या गिऱ्हाइकाने विकणारीला म्हणायचं आणि विकणारीने गिऱ्हाइकाला पण तेच. लाडाने कासेरिता. आपण नाही का भाजीवालीला मावशी म्हणतो आणि ती आपल्याला ताई. तर मी म्हणलं, कासेरिता, आ कोमो एल सोल? ती म्हणाली, दोस सिंकुएंता. एका सोलला अडीच बोलिव्हियानो. यावेळी मी माझ्या कानावर विश्वास ठेवला नाही, पेन आणि वही पुढे केली, एस्क्रीबामेलो पोर फावोर, लिहून द्या. तिने २.५० लिहिलं. मी साठ सोल दिले, दीडशे बोलिव्हियानो आले.

मावशीचा चेहरा मात्र बदलला होता. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, तू तर म्हणालीस बँकेचा भाव १.८५ च्या आसपास बसतो, मग ही बाई अडीच कशी देते? यात काहीतरी काळंबेरं आहे.

होतंच. बोलिव्हियाने २०११ पासून आपलं चलन डॉलरला ६.९६ वर बांधून ठेवलं होतं. बांधलेलं टिकतं ते तिजोरीत डॉलर असेपर्यंत. त्यांची कमाई गॅस विकून व्हायची, ती घटली, पेट्रोल-डिझेल बाहेरून आणून स्वस्तात विकायचं ते चालूच होतं, आणि २०२३ च्या सुरुवातीपासून बँकांत डॉलर मिळेनासे झाले. मग रस्त्यावर डॉलरचा वेगळा भाव फुटला. आम्ही गेलो तेव्हा बँकेच्या बोर्डावर ६.८६ आणि ६.९६ च होतं, आणि बाहेर दहाच्या वर. म्हणून तेव्हा इथे एटीएममधून कार्डाने काढले तर बँकेच्या भावाने मिळायचे आणि तिसरा हिस्सा हवेत जायचा.

"म्हणजे ब्लॅक," मावशी म्हणाली. मी म्हणलं अगं हॉटेलवाला पण हाच भाव देतोय, दुकानदार देतोय, कुणी लपवत नाहीये. "सगळे करतात म्हणून ते पांढरं होत नाही." कोपाकाबानात रात्रीच्या जेवणाला आम्ही फारसं बोललो नाही. ट्राऊट मासा चांगला होता.

दिवस १०, ला पास

बस, मधे तिकिनाला बस एका तराफ्यावर आणि आपण होडीत असं पाणी ओलांडायचं, मग ला पास. दीडशे बोलिव्हियानो संपत आले होते. मावशी सकाळपासून बँकेत जाऊ म्हणत होती. गेलो. मी टोकन घेतलं, लाईन, काऊंटर, किसियेरा कांबियार दोलारेस. बाई म्हणाली घेईन, ६.८६. मावशीने काचेतून आतल्या कॅशियरकडे बघितलं, त्याची नोटा मोजायची मशीन, त्याचं ओलं स्पंज, सगळं. मग मला म्हणाली, १०० डॉलरचे ६८६? आणि बाहेर? मी म्हणलं १,०५०. तिने एक मिनिट विचार केला. "पेन्शन माझी आहे," म्हणाली, आणि बाहेर चालायला लागली.

अव्हेनिदा कामाचोवर बदलणाऱ्या बायका असतात. एक घेरदार पोयेराचा स्कर्ट घातलेली, डोक्यावर गोल बाऊलर हॅट, मावशीच्याच वयाची. मी तोंड उघडायच्या आत मावशीने बटव्यातून ती भोकाची नोट काढली. मी म्हणलं मावशी ती नको, ती कुणी घेत नाही. ती म्हणाली तू गप. नोट त्या बाईच्या हातात दिली, भोकं आणि चीर स्वतःच बोट ठेवून दाखवली आणि मराठीत म्हणाली, "हे बघा बाई, लपवत नाही, माझ्या हातून झालंय."

त्या बाईने नोट चाचपली, उजेडात धरली, फिरवली. वेकितो, म्हणाली. मावशी म्हणाली, वेकितो. बाईने कॅल्क्युलेटरवर ९.५० मारलं. मावशीने तिच्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला, १०.२० मारलं. बाई हसली, दोन सोन्याचे दात. १०. मावशीने मान हलवली, झालं. मी बाजूला सहा महिन्यांचा क्लास घेऊन उभी.

मग मावशी म्हणाली, हिला विचार पावती देते का. मी विचारलं, मे दा रेसिबो? त्या बाईला हसू आवरेना, नो आय रेसिबो, मामिता. पावती नाही गं माय. मावशी म्हणाली ठीक आहे, विचारायचं काम होतं ते विचारलं.

नोटा मोजून घेताना मावशीने तिच्या पद्धतीने मोजल्या, गड्डी मधे दुमडून डाव्या हाताच्या बोटांत अडकवून उजव्या अंगठ्याने फर्रर्र. ती बाई बघत राहिली. मग तिने स्वतःची गड्डी काढली आणि तिच्या पद्धतीने मोजून दाखवली, ती एका टोकाला धरून एकेक पान उलटल्यासारखं करते. मावशी म्हणाली हे हळू आहे. बाई इथल्या आयमारा भाषेत का स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. मी भाषांतर करायला गेले तर दोघींनी माझ्याकडे बघितलंच नाही.

दिवस ११, ला पास

शेवटचा दिवस, रात्री विमान. शहरावरून केबल कार जातात, तेलेफेरिको, २०१४ ला सुरू झाली, बस-लोकलसारखी रोजची वाहतूक आहे ती, तिकीट तेव्हा ३ बोलिव्हियानो होतं. लाल लाईन घेऊन एल आल्तोला जायचं ठरवलं, वर गुरुवार-रविवारी मोठा बाजार भरतो. दोघींचे सहा. मी शंभराची नोट काढायला लागले तर मावशीने हात धरला, शंभर काय देतीयस सकाळी सकाळी, सुट्टे मागेल ना ती. नाण्यांचा बटवा सोडला, पुनोला आलेलं ते पाचाचं नाणं काढलं, हाताने एकदा चाचपून बघितलं, वर एक बोलिव्हियानो ठेवला आणि खिडकीतून सरकवला.

तिकिटं आली. डब्यात बसल्यावर तिने वही काढली आणि पुनोच्या पानावर काहीतरी खोडून परत लिहिलं. मी वाकून बघायला गेले तर वही मिटली, म्हणाली, खाली बघ, केवढं शहर आहे ते.